कण्हेरीच्या पतंगाची नसीम

नसीम,

तू अळ्यांपायी मेली नाहीस. सगळ्यात आधी हेच लिहिते, कारण गेवराईत सध्या दुसरं काही ऐकूच येत नाही. भाजीच्या गाड्यावर तेच, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तेच, माझ्या सख्ख्या जावेच्या तोंडीही तेच: "एवढी शिकलेली बाई, आन् किड्यांपायी जीव गेला बघा." मोबाइलवर जी बातमी फिरली तिचं शीर्षकही तसंच होतं. महामार्गाच्या दुभाजकावर अळ्या गोळा करताना प्राध्यापिकेचा मृत्यू. खाली लोकांनी जोडलेले हात टाकले आणि एकाने हसणारं तोंड टाकलं. त्या हसणाऱ्याला मी ओळखते. बारावीचं जीवशास्त्र तो तुझ्याच वर्गात शिकला.

तू दुभाजकावर नव्हतीस. आपलं काम आटोपलं होतं. आपण दुभाजकावरून उतरलो, महामार्ग ओलांडला, सर्व्हिस रोडही ओलांडला आणि रसवंतीच्या छपराखाली गेलो. तू ओढणीने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "वंदे, माझ्यात बरफ नको सांग." मी सांगायला वळले. तेवढ्यात वाळूचा हायवा डंपर आला, उलट्या बाजूने. पुलापर्यंत जाऊन वळसा घ्यायचा त्याला कंटाळा होता. गाडीला नंबर नव्हता. छपराचा एक खांब गेला आणि तू गेलीस. बीडला पोचेपर्यंत तुझा हात माझ्या हातात होता. त्यापुढचं मी लिहिणार नाही. ते माझ्यापाशी राहू दे.

तेव्हा तू मेलीस ती उलट्या बाजूने आलेल्या गाडीमुळे. इतकं साधं वाक्य आहे, पण गावाला ते पचत नाही. अळीवर खापर फोडणं सोपं. अळीला कुणी पुढारी सोयरा नसतो.

आपली ओळख झाली तीही अळीमुळेच. मी वनस्पतिशास्त्रात नवी नवी रुजू झाले होते. स्टाफरूममध्ये पाण्याच्या बाटलीत तगरीची फांदी उभी केलेली, आणि तिच्यावर बोटाएवढी जाड, हिरवीगार अळी. डोक्यामागे दोन निळे गोल, मधोमध पांढरे. इंग्रजीच्या मॅडम खुर्चीवर पाय घेऊन बसल्या होत्या. "अगंबाई, डोळे कसे वटारतंय बघा!" तू पेपर तपासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "डोळे न्हाईत मॅडम ते. धमकी हाय."

मी विचारलं, "ही तर कण्हेरीवर असते ना? तगरीवर कशी?"

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस. "पुस्तकात कण्हेर आसते. हितं तगर बी चालती, सदाफुली बी चालती. पोटाला पुस्तक कळत न्हाई, बाजी."

बाजी म्हणजे ताई, हे मला नंतर कळलं; त्या दिवशी मी तुझ्या तावडीत सापडले. लोकांच्या मैत्रिणी बीडला साड्या बघायला जातात. आपण कुंपणं बघायला गेलो. कोर्टासमोरची तगर, कुणाच्या बंगल्यापुढची सदाफुली, एसटी स्टँडामागची कुणीच न लावलेली कण्हेर. आणि सगळ्यात मोठं कुंपण म्हणजे आपला महामार्ग. जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून त्या दुभाजकावर कण्हेर लावली, गुलाबी, पांढरी, गडद लाल. आणि या बाईने नेमकं तेच आपलं ताट म्हणून निवडलं. तू अळीला कायम बाईच म्हणायचीस. नर निघाला तरी बाईच.

मला झाडं बघता येत होती. झाडावर कोण आहे हे बघायला तू शिकवलंस. कोवळ्या पानाच्या पाठीवर एकेकटं घातलेलं अंडं, फिक्या हिरव्या मण्यासारखं. त्यातून निघणारी पिवळसर, केसाएवढी अळी, जिची काळी शेपटी तिच्या मानाने भलतीच लांब. मग कात टाकत टाकत तिचं वाढणं. शेपटी आखडून नारिंगी, जाडसर होते, डोक्यामागचे निळे गोल उमटतात, अंगावर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. आणि मग एका सकाळी ती खायचंच थांबते. पाठ काळपट तपकिरी पडते, ती झाड सोडते आणि चालू लागते. पहिल्यांदा मी घाबरले होते. मला वाटलं, मेली. "मरतीय कशाची," तू म्हणालीस. "तिला आता झाड नको, माती पायजे." पाचोळ्यात विरळ जाळं विणून ती कोष झाली. आणि थोड्या दिवसांनी संध्याकाळी तुझ्या अम्मीच्या ओट्यावर जो पतंग पंख वाळवत बसला, त्याचा हिरवा मी आजवर कुठल्या पानात पाहिला नाही. तो एक हिरवा नव्हताच. शेवाळाचा, कोवळ्या लिंबाच्या पाल्याचा, तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढतो तो, सगळे एकमेकांत कालवलेले, मधून गुलाबी पट्टे. किड्यांच्या नावाने रोज बोटं मोडणाऱ्या अम्मी बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ये तो शादी का जोड़ा पहन के निकला गे." मग तो उडाला आणि शेजारच्या जाईपुढे हवेतच थांबला. सोंड उलगडली, फुलात घातली. फुलाला पाय न लावता जेवून गेला.

कण्हेरीच्या विषाबद्दल तू वर्गात सांगायचीस ते मुलींच्या वह्यांपेक्षा माझ्या डोक्यात जास्त राहिलं. रुईवर वाढणारं ते नारिंगी फुलपाखरू विष खातं आणि अंगात साठवून ठेवतं, म्हणून उघड्या उन्हात मिरवत फिरतं. त्याला पाखरं हात लावत नाहीत. "आपल्या बाईचं तसं न्हाई," तू म्हणायचीस. "ही विष खाती आन् बाहेर टाकती. आंगाला लावून घेत न्हाई. म्हणून तिला लपावं लागतं, डोळे दाखवून भेवडावं लागतं. फुकट न्हाई मिळत काई."

तुला तरी काय फुकट मिळालं? लग्न केलं नाहीस म्हणून बोलणी, हेल्मेट घालून स्कूटी चालवतेस म्हणून बोलणी. तुमच्या मोहल्ल्यात तू 'कीड़ेवाली' होतीस. आमच्या गल्लीत तू 'तुमची ती मैत्रीण' होतीस, आणि त्या 'ती'त काय काय भरलेलं असायचं ते आपल्या दोघींना कळायचं. एकदा आमच्याकडच्या हळदीकुंकवाला मी तुला ओढून नेलं. एका बाईने कौतुकाने विचारलं, "तुमच्यात चालतं का असं अळ्याबिळ्या पाळलेलं?" तू म्हणालीस, "आमच्यात तरी पाळतेत. तुमच्यात भेंडीसंगं शिजवतेत." सगळ्या हसल्या. तीही हसली. परत येताना वाटेत कोर्टासमोरची तगर आली तरी तू स्कूटी थांबवली नाहीस, हेही मला माहीत आहे.

आणि ती कण्हेर वाचवलीस तो दिवस! कॉलेजच्या कुंपणाची कण्हेर विषारी आहे, मुलांच्या जिवाला धोका आहे, सबब ती मुळासकट काढावी, असं वरून ठरून आलं होतं. कुऱ्हाड घेऊन माणसं येऊन उभी होती. तू प्राचार्यांच्या दारात जाऊन उभी राहिलीस.

"सर, विषारी म्हणून कापायची ना?"

"हो मॅडम. उद्या एखाद्या पोराने पान चावलं तर जबाबदार कोण?"

"बरोबर हाय सर. मग धोतरा बी कापा. रुई बी कापा. एरंड बी कापा. पिवळी बिट्टी तुमच्या बंगल्यापुढं हाय, ती आधी कापा. सगळा तालुका तासून झाला की मग कण्हेरीला या. तवर मी पोरांना पान चावायचं न्हाई म्हणून शिकवते. तेवढ्यासाठीच ठेवलंय मला."

प्राचार्य कपाळाला हात लावून हसले. कुऱ्हाडी परत गेल्या. आज त्या कुंपणावर तुझी पाटी वगैरे काही नाही. कण्हेर आहे, ते पुरे.

परळीला गेलो होतो ते आठवतं? वैजनाथाच्या दर्शनाला म्हणून मी घरून निघाले होते आणि दर्शन घेतलंही. तू पायऱ्यांखाली चपला सांभाळत बसलीस. आणि मग आपण स्टेशनच्या बाजूची तगर शोधत फिरलो. पानांवर वीजकेंद्राच्या राखेचा थर. बोट फिरवलं की बोट करडं. मला वाटलं इथे काही असणार नाही. तू पान उलटलंस. होती. राखेसकट खात होती. तिची लेंडीसुद्धा करडी. "वंदे, बघ बघ," तू अशी ओरडलीस की हमालांनी वळून पाहिलं. "राख खाऊन जगतीय बया!" उकिडवी बसून तू किती वेळ बघत होतीस. माझे पाय दुखायला लागले, गाडीची वेळ झाली. तू उठलीसच नाहीस. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते मी कुठल्याही देवळात कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही, आणि मी त्या दिवशी देवळातूनच आले होते.

आपलं भांडण मात्र तसंच राहिलं. ते भांडण आता मी एकटीने कसं भांडू?

तुझं म्हणणं असायचं की नातं वंशावरून ओळखायचं. या पतंगाच्या जवळच्या भाऊबंदांपैकी बरेच जण कदंब, कॉफी यांच्या कुळातली झाडं खातात. ही एकटी तिथून उठून कण्हेरीच्या घरात आली. "खाणं बदललं म्हणून खानदान बदलत न्हाई. सोंड बघ, कोष बघ, पंखांवरची रेघ बघ. सगळं जुन्या घरचं."

मी म्हणायचे, ती फार लांब गेलीच नाही. कदंबाचं कूळ आणि कण्हेरीचं कूळ ही आपसांत चुलत भावंडं आहेत. झाडांच्या शास्त्रात ती शेजारी शेजारी बसतात. ती परक्याच्या घरी नाही गेली, चुलत्याच्या घरी गेली.

"तुझ्या झाडांचं नातं तिला कुणी सांगितलं? तिनं काय डीएनए काढला का?"

"चवीने कळलं असेल."

"बरं. मग रुई?"

रुईचं कूळ पूर्वी वेगळं मानायचे, आता ती कण्हेरीच्याच कुळात आहे. आणि बीड जिल्ह्यात बघावं तिकडे रुईच रुई. "घरातलीच हाय ना ती? दारात उभी हाय. मग तोंड कावून लावत न्हाई?"

मी म्हणायचे, चीक. रुईचा चीक दाट, चिकट. एवढ्याशा अळीचं तोंडच चिकटून बसेल. तू म्हणायचीस, चीक नव्हे, आई. मादी अंडं घालण्याआधी पायांनी पान चाखते. तिने रुईला नाही म्हटलं की पुढचा प्रश्नच मिटला. "आई जिथं ठेवंल तिथं लेकरू खाईल." मग आपण नुकत्या जन्मलेल्या अळ्या रुईच्या पानावर सोडल्या. त्या पानभर भटकल्या, कडेपर्यंत जाऊन परत आल्या, एकीनेही चावा घेतला नाही. आपण त्यांना परत कण्हेरीवर ठेवलं. मी म्हणाले, बघ, आई नव्हती तरी खाल्लं नाही. तू म्हणालीस, बघ, चीक निघायला आधी चावावं तर लागतं! दोघीही जिंकलो आणि दोघीही चिडून घरी गेलो.

त्या दिवशीही दुभाजकावर आपण हेच भांडत होतो. ट्रकांच्या आवाजात तू ओरडून बोलत होतीस. मी ओरडून उत्तर देत होते. नसीम, मी अजूनही म्हणते, चीकच. तू नाहीस म्हणून मी माघार घेईन असं वाटलं असेल तर तू मला ओळखलंच नाहीस. पुढच्या पावसाळ्यात मी रुईचं पान धुऊन, चीक वाहू देऊन, मग देऊन बघणार आहे. आणि खाल्लं तर तुझ्या नावाने ओरडणार आहे. नाही खाल्लं तरी ओरडणार आहे.

एकदा मी तुला विचारलं होतं, "नातं खाण्यावरून नाही ठरत म्हणतेस. मग आपण इतकी वर्षं एका डब्यात जेवतो, आपण कोण?" तू हिरवी मिरची बाजूला काढत म्हणालीस, "आपण एका झाडावरच्या दोन जाती." मी हसले आणि विषय तिथेच राहिला. तुला एक सांगायचं होतं, ते त्याच वेळी सांगायला हवं होतं. मला पुण्याच्या कॉलेजचं बोलावणं आलं होतं, चांगलं होतं. मी घरच्यांची अडचण सांगून नाही म्हणाले. घरची अडचण नव्हती. मला इथे भांडायला माणूस मिळालं होतं.

तू गेल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी तुझ्या भावाचा, सलीमचा फोन आला. "वंदनाबाजी, खोली में डब्बे हैं. अंदर कीड़े हैं. इनका क्या करना?" मी गेले. घर बायकांनी भरलेलं. तुझ्या खोलीत खिडकीखाली डबे, आणि डब्यांत मोठ्या झालेल्या, भुकेलेल्या अळ्या, वाळून कडक झालेल्या पानांवर तोंड घासत असलेल्या. तुझी मामी म्हणाली, "मैयत के घर में कीड़े कैको? फेंक दो बाहर." अम्मी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पाय आवरून मला जागा दिली आणि पाट माझ्याकडे सरकवला. मी बसले. कोणीच काही फेकलं नाही.

पाला दुभाजकावरचाच लागत होता. तुझ्या कुंपणाची कण्हेर त्यांनी आधीच संपवली होती, कॉलेजची नुकतीच छाटली होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, चांगली इस्त्रीची साडी नेसून, कॉलेजला जाते तशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. गाड्या हळू व्हायला लागल्या. एसटीच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, आता तुमचा नंबर हाय का?" पण मी फांदी तोडली. मग त्याला दिसेल अशी वर धरली. आणि रोज जात राहिले. तुझ्या बायांना उपाशी ठेवून मी गावाची भीती सांभाळणार नव्हते.

त्या सगळ्या काळ्या पडल्या, पाचोळ्यात शिरल्या, कोष झाल्या. आणि परवा संध्याकाळी पहिला पतंग बाहेर आला. मामीने पाहिलं आणि ओढणी डोक्यावर घेऊन रडायलाच लागली. "नसीम आई... मेरी नसीम आई..." दोन बायका पुढे सरसावल्या. पण तू हे चालवून घेतलं नसतंस. शिंग न् शिंग तपासून बघितल्याशिवाय तू कुणाला काही मानलं नाहीस. मी जवळ जाऊन पतंगाच्या डोक्यावरची दोन्ही शिंगं नीट बघितली, नराची जाड असतात, आणि म्हणाले, "मामी, हा नर आहे."

आणि मग अम्मी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. तोंडाला पदर लावून हसल्या, आणि हसता हसता रडल्या. ते रडणं तुझ्यासाठी होतं. पतंग आपल्या वाटेने उडून गेला.

आता सलीमच्या गॅरेजवरची गोष्ट. वाळूवाल्यांच्या बाजूने एक आण्णा आले होते, पांढरे कपडे, मागे दोघं जण. मलाही बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "ताई, झालं ते लई वाईट झालं. आमाला बी दुःख हाय. पण म्याडम दुभाजकावर व्हत्या असं सगळं गाव म्हनतंय. तुमी बी तेच म्हना, म्हंजी मिटलं. उगं कुणाच्या पोराबाळांच्या आयुष्याचं वाटोळं कशाला? सलीमभाईला बी पुढं हितंच धंदा करायचाय."

सलीम एका ट्रॅक्टरखाली होता. बाहेर आला. हातावर ग्रीस होतं. ते त्याने बराच वेळ फडक्याने पुसलं. मला वाटलं तो मान खाली घालील आणि त्याने घातली असती तरी मी त्याला दोष दिला नसता. तो म्हणाला, "आण्णा, बाजी तिथं व्हती. तिनं जे पाह्यलं ते ती बोलंल. मी तिला काई सांगणार न्हाई. तुमी बी सांगू नका." मग परत ट्रॅक्टरखाली गेला. चहा तसाच राहिला.

रसवंतीवाल्याकडेही मी गेले. त्याने नवा खांब बसवला आहे. तो माझ्याशी नजर मिळवेना. पण दोन दिवसांनी स्वतःहून पोलिसांकडे गेला, असं कळलं. "म्याडम, मी एवढंच सांगितलं," तो मला म्हणाला, "की बाई माझ्या छपराखाली हुब्या व्हत्या. गाडी कुणाची, ते मला ठावं न्हाई." त्याला ठाऊक आहे. पण त्याच्या परीने त्याने खूप केलं. गाडी अजून सापडलेली नाही. सापडेल की नाही हे मी तुला खात्रीने सांगू शकत नाही.

आज मी जबाब द्यायला गेले होते. अम्मी म्हणाल्या, मैं भी चलती. मी नको म्हणाले. त्या बुरखा घालून दारात उभ्याच राहिल्या. मग गेलो दोघी.

हवालदार तसे सभ्य होते. पंखा आमच्याकडे वळवला. नाव, गाव, नोकरी लिहून झालं. मग विचारलं, "मयत बाई तिथं काय करत व्हत्या?"

"रस प्यायला थांबली होती. छपराखाली."

"त्याच्या आगोदर?"

इथे मला थांबता आलं असतं. कुणी सांगितलंही होतं, वकिलाने, माझ्या नवऱ्याने, की अळ्यांचा विषय काढू नकोस, केस कमजोर होते. पण लपवलं असतं तर ते लाजेचं झालं असतं. तुझं काम लाजेचं नव्हतं.

"काम करत होती," मी म्हणाले.

"कसलं काम?"

"डॅफनिस नेरिआय."

पेन थांबलं. "हे कोण? गाडीचा मालक?"

"पतंग आहे. कण्हेरीवर वाढतो. त्याच्या अळ्या किती, कुठल्या झाडावर, कुठल्या महिन्यात, हे ती वर्षानुवर्षं बघत होती. ती प्राणिशास्त्राची प्राध्यापक होती. ते तिचं काम होतं. काम संपवून, रस्ता ओलांडून, ती सुरक्षित जागी उभी होती. तिथे गाडी उलट्या बाजूने आली. हे सगळं याच क्रमाने लिहा."

"म्याडम, पतंगाचं बी लिहायचं?"

"लिहा."

"लिखो साब," अम्मी मागून म्हणाल्या. "मेरी बेटी का काम था वो."

त्यांनी लिहिलं. पतंगाचं नाव मला पुन्हा विचारलं, अक्षर अक्षर लावून लिहिलं. वाचून दाखवलं. मी सही केली.

आम्ही उठलो तेव्हा हवालदार टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाले, "म्याडम, आमच्या क्वार्टरपुढं बी कण्हेर हाय. गुलाबी. त्याच्यावर बी आसतेत का ह्या?"

मी तोंड उघडलं. पण उत्तर माझ्या आधी आलं.

"कवले पत्ते के नीचे देखना," अम्मी म्हणाल्या. "सुबह के टाइम. हरे मोती सरीखा अंडा रहता. हात नक्को लगाना."